परसातली घोळ

निंदताना उपटलेली घोळ आपण बांधावर फेकतो आणि चार दिवसांनी पाहावे तो ती तिथेच मूळ धरून बसलेली! कांडे मांसल, त्यात पाणी साठलेले, सुकते कशाला? शेतात तिचा हा चिवटपणा नकोसा, पण परसात तोच कामाचा, कारण भर उन्हाळ्यातही तिची भाजी मिळते.

रानात फुकट मिळते, मग लावायची कशाला, असे कुणी म्हणेल. पण औषध फवारलेल्या रानातली घोळ खाऊ नये. फुटक्या घमेल्यात माती भरा, कोवळी कांडी खोचा, उन्हात ठेवा, पाणी बेताचेच द्या. बी पेरायचे तर वर नुसते भुरभुरावे. खोल गाडले तर उगवत नाही.

ओळख मात्र पक्की हवी. नायटीही अशीच जमिनीवर पसरते. देठ मोडून पाहा. पांढरा चीक आला, तर ती घोळ नव्हे. गुरुजींनी मुलांना दोन्ही शेजारीशेजारी ठेवून दाखवावीत.

घोळीत ऑक्झॅलिक आम्ल असते, म्हणून मुतखडा झालेल्यांनी ती टाळावी. इतरांनी ताकातली करावी. ताकातले कॅल्शियम त्या आम्लाचा काही भाग बांधून ठेवते. सकाळी तोडलेली घोळ जास्त आंबट लागते, तेव्हा आंबट न आवडणाऱ्यांनी दुपार कलल्यावर तोडावी.