संगत आणि भीड



संगत आणि भीड हे दोन शब्द आपल्या भाषेत शेजारी शेजारी नांदत आले आहेत. शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत आज जी एक अडचण घरोघर आढळते, ती या दोन वस्तूंची गल्लत झाल्यामुळे उत्पन्न झाली आहे, असे मला वाटते. माणसाला माणसांची सोबत हवी असते. परंतु ती मिळविण्याचा मार्ग आहेर, मानपान, बारशी, वास्तुशांती आणि वाढदिवस यांच्या गर्दीतूनच जातो, असे समजून तो त्या गर्दीत शिरतो. पैसा जातो, वेळ जातो, अंग शिणते. आणि इतके करूनही मन मोकळे करावयास कोणी नाही, ही तक्रार कायमच राहते. मग कंटाळून तो सर्वांशीच येणेजाणे तोडतो. पहिल्या स्थितीत ओझे आहे, दुसरीत एकाकीपणा आहे. या दोहोंमधली वाट कोणती, याचा आज विचार करू.

एकाकीपणा म्हणजे नुसती मनाची हळहळ, असे कोणी समजू नये. ज्युलियन होल्ट-लुनस्टाड या अमेरिकन विदुषीने आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०१० साली १४८ निरनिराळ्या अभ्यासांचा एकत्र विचार केला. त्यांत ३ लाखांहून अधिक माणसांची माहिती होती. ज्यांचे माणसांशी संबंध दृढ होते, त्यांची त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांच्या मानाने सुमारे ५० टक्क्यांनी अधिक दिसून आली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात, जगातील दर सहा माणसांपैकी एकाला एकाकीपणा भेडसावतो, असे म्हटले आहे. तेव्हा हा प्रश्न चैनीचा नसून आयुष्याचा आहे.

आता भीड उत्पन्न कशी होते, ते पाहू. मार्सेल मोस या फ्रेंच पंडिताने १९२५ साली देणगीच्या रीतीवर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. देणगी वरवर ऐच्छिक दिसली, तरी तिच्यामागे तीन बंधने असतात, असे त्याने दाखविले. देणे भाग असते, घेणे भाग असते, आणि परत करणेही भाग असते. हे समजण्यास आपल्याला पॅरिसला जाण्याचे कारण नाही. लग्नकार्यात कोणी काय आहेर केला, याची वही आपल्याकडे पुष्कळ घरांत जपून ठेवलेली असते. परतफेड कमी झाली तर अपमान होतो. थोडी अधिक झाली तर समोरच्यावर नवे ऋण चढते. ही वही कधीच बंद होत नाही, किंबहुना ती बंद होऊ नये, यासाठीच ती असते.

ही रीत मुळात वाईट होती, असे मात्र नव्हे. गावात ज्याच्या घरी आपण आहेर नेत असू, तोच आपल्या कार्यात पंगतीत वाढावयास उभा राही, अडल्या वेळी बैलजोडी देई, आजारपणात उशाशी बसे. ऋणाच्या पाठीमागे हात होते. शहरात स्वयंपाक आचाऱ्याकडे गेला, मांडव कंत्राटदाराकडे गेला, शुश्रूषा मोलाने मिळू लागली. मदतीचा भाग बाजारात गेला आणि फेडीचा भाग तेवढा नात्याकडे उरला. ओझे जड वाटते, त्याचे कारण हे आहे.

उलटपक्षी, ज्या मंडळींत माणूस थकत नाही आणि रिताही राहत नाही, अशा मंडळींची घडण कशी असते? आपल्या परिचयाचे पहिले उदाहरण वारीचे. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीला आजची शिस्तबद्ध घडी हैबतबाबा आरफळकर यांनी एकोणिसाव्या शतकात घालून दिली. आळंदी ते पंढरपूर ही सुमारे २५० किलोमीटरची वाट वारकरी दिंडी-दिंडीने चालतात. प्रत्येक दिंडीला रथाच्या पुढे किंवा मागे ठरलेला क्रमांक असतो. विणेकरी, टाळकरी, पखवाजी यांची जागा ठरलेली असते. जेवणखाणाच्या खर्चासाठी दिंडीत भिशी भरावयाची असते. भिशी भरली की हिशेब मिटला. कोणी कोणाचा यजमान नाही आणि कोणी कोणाचा पाहुणा नाही. एकमेकांना हाक मारावयाची ती ‘माऊली’ म्हणून, आणि पाया पडावयाचे ते परस्परांच्या. लहानमोठेपणाची खूण जी आपण घरच्या कार्यात काळजीपूर्वक सांभाळतो, ती येथे निदान तेवढ्या वेळेपुरती बाजूला राहते.

येथे सत्याला धरून एक गोष्ट सांगितली पाहिजे. इरावती कर्वे यांनी आपल्या ‘वाटचाल’ या लेखात वारीचे मोठे प्रेमाने वर्णन केले. परंतु बरोबर चालणाऱ्या स्त्रिया जेवावयास मात्र जातीप्रमाणे वेगळ्या बसतात, याचे दुःखही त्यांनी लपविले नाही. सोबत खरी असली, तरी ती आपोआप पूर्ण होत नाही, हा त्यातला बोध होय.

दुसरे उदाहरण सातासमुद्रापलीकडचे आहे. पण त्याची शाखा आपल्या दारापर्यंत आलेली आहे. १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन या गावी न्यूयॉर्कचा एक शेअरदलाल आणि ॲक्रनचा एक शस्त्रवैद्य एकत्र आले. दोघेही दारूच्या आहारी गेलेले होते. त्यांच्या भेटीतून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही मंडळी उभी राहिली. तिच्या सभा मुंबई-पुण्यातही भरतात. तेथे प्रवेश फी नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढी एकच अट. खर्च सदस्यांच्या ऐच्छिक वर्गणीतून भागतो, बाहेरची देणगी स्वीकारीत नाहीत. आडनाव विचारीत नाहीत. त्यामुळे हुद्दा, घराणे आणि श्रीमंती ही दाराबाहेर राहतात. एकाने आपली हकीकत सांगावी आणि इतरांनी मध्ये न बोलता ऐकावी, असा परिपाठ पुष्कळ सभांतून असतो. जुन्या सदस्याने नव्याला हात द्यावयाचा. नव्याने तो उपकार त्याला परत करावयाचा नसून पुढे येणाऱ्या तिसऱ्याला द्यावयाचा. मोसने सांगितलेली देणगीची साखळी येथेही आहे. पण ती मागे न वळता पुढे जाते, म्हणून तिची बेडी होत नाही.

तिसरे उदाहरण अगदी साधे, वाचनालयाचे. पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे आणि मुंबईचे १८९८ चे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली सुरू केली. अशा ठिकाणी रोज भेटणारी माणसे परस्परांच्या घरी जातातच, असे नाही. तथापि या वरवरच्या ओळखीलाही मोल आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली दाखविले, की नोकरीची वार्ता लोकांना पुष्कळदा जिवलग मित्रांकडून नव्हे, तर साध्या ओळखीच्या माणसांकडून कळते. कारण जिवलगांना जे ठाऊक असते, ते बहुधा आपल्यालाही ठाऊकच असते.

या तिन्ही उदाहरणांवरून चांगल्या संगतीची लक्षणे काढता येतात. मंडळींचे लक्ष एकमेकांवर नसून एखाद्या कामावर असते, मग ते भजन असो, वाचन असो, व्यसनमुक्ती असो की टेकडीवर झाडे लावणे असो. वेळ आणि जागा ठरलेली असते, त्यामुळे आमंत्रणाची आणि रुसव्याफुगव्याची जरूरच उरत नाही. वर्गणी सर्वांना सारखी किंवा ज्याची त्याच्या ऐपतीप्रमाणे असते, आणि ती देताच ऋण संपते. आणि सर्वांत महत्त्वाचे लक्षण हे, की दोन महिने न आलेल्या माणसाला ‘का आला नाहीत?’ असा जाब कोणी विचारीत नाही, ‘आलात, बरे झाले, बसा,’ असे म्हणतात.

एका धोक्याकडे मात्र लक्ष द्यावे. मंडळी पाळीपाळीने घरोघर जमू लागली, की पहिल्या घरी चहा होतो, दुसऱ्या घरी चिवडा येतो, आणि पाचव्या घरी जेवणाचा बेत ठरतो. पुरुषांची संगत वाढते आणि घरातल्या बायकांचे काम वाढते. म्हणून शक्य तर देवळाचा मंडप, वाचनालय किंवा बाग अशा ठिकाणी जमावे. घरीच जमावयाचे तर केवळ चहा, असा नियम करून तो श्रीमंतानेही पाळावा.

कोणी विचारील, की इतकी मोकळीक ठेवल्यावर अडीनडीला धावून कोण येणार? प्रश्न रास्त आहे. ज्या संगतीत कसलेच कर्तव्य नाही, ती संगत नसून आगगाडीतील गर्दी होय. परंतु कर्तव्य आणि भीड यांत भेद आहे. सतरंजी घालणे, पुस्तके मांडणे, आजारी सदस्याकडे एक फेरी मारणे, ही कर्तव्ये लहान, ठरलेली आणि वाटून घेतलेली असतात. ती पार पडली की मन हलके होते. भिडेला माप नसते, म्हणून ती कितीही भागविली तरी अपुरीच राहते. आपल्या वडीलधाऱ्यांनी भीड ही भिकेची बहीण मानली, ते काही उगाच नव्हे.

तेव्हा नातीगोती तोडावी, असे माझे मुळीच सांगणे नाही. जवळच्या चार घरांचे सुखदुःख आपले मानावे. बाकीच्या ठिकाणी ‘आहेर आणू नये’ ही ओळ पत्रिकेत स्वतः छापून भीड कमी करण्यास आपणच आरंभ करावा. त्यातून जो वेळ वाचेल, त्यातील आठवड्याची एक संध्याकाळ एखाद्या कामाला वाहिलेल्या मंडळींत घालवावी. तेथे चार-सहा महिने नेमाने जावे, प्रथम ऐकावे, मग एखादे लहानसे काम उचलावे. परत येताना पाऊल हलके पडते की जड, हे पाहावे. जड पडत असेल, तर नमस्कार करून दुसरे दार शोधण्यास कोणाचीही परवानगी लागत नाही. हलके पडत असेल, तर पुढच्या खेपेस शेजारच्या एकट्या माणसालाही बरोबर न्यावे.