कण्याचा बाक, कंबर आणि जबडा

भिंत सरळ उभी आहे की नाही हे गवंडी ओळंब्याने पाहतो. तसाच ओळंबा तुमच्या पाठीलाही लावता येतो. मानेच्या तळाशी एक मणका बोटाला ठळकपणे लागतो. तिथे मित्राला दोरा धरायला सांगा आणि दोऱ्याच्या खालच्या टोकाला लहानसे वजन बांधा. दोरा माकडहाडावरून गेला पाहिजे. तो बाजूला सरकला, तर कणा डावी-उजवीकडे वाकलेला असू शकतो. या विकाराला 'स्कोलिओसिस' म्हणतात. क्ष-किरण चित्रात बाक १० अंश किंवा अधिक भरला, तरच डॉक्टर हे नाव देतात.

मात्र ओळंबा फसवतोही! कण्यात एकमेकांविरुद्ध दोन बाक असले, तर दोरा बरोबर मध्यावर पडतो. म्हणून दुसरी कसोटी अधिक चांगली. पाय जुळवून, गुडघे न वाकवता पुढे वाका. पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसते का, हे मागून कोणीतरी पाहावे. विल्यम अ‍ॅडम्स या इंग्रज शल्यचिकित्सकाने १८६५ मध्ये ही खूण वर्णन केली. असे का होते? मणके नुसते झुकत नाहीत, स्वतःभोवती पिळलेही जातात आणि त्यांना जोडलेल्या बरगड्या त्यांच्याबरोबर फिरतात.

आता कंबरेकडे वळू. एक बाजू भरलेली, दुसरी खोल. परकर किंवा पँट एका बाजूला कललेली. पाहणाऱ्याला वाटते, खुब्यातच दोष आहे. पण बहुधा खुब्याचा सांधा निरोगी असतो, वरचे धड सरकल्यामुळे तसे भासते. कधी मात्र उलटे घडते. एक पाय आखूड असल्याने कंबर कलते आणि तिच्यामागून कणा वाकतो. अशा मुलाला स्टुलावर बसवले की बाक बहुधा नाहीसा होतो.

जबड्याचा संबंध याहून गुंतागुंतीचा आहे. बाक असलेल्या मुलांत वरचे व खालचे दात नीट न जुळण्याचे प्रमाण जास्त असल्याचे काही पाहण्यांत दिसले आहे. पण बाकामुळेच दात बिघडतात, असे सिद्ध झालेले नाही. जबडा बिघडल्याचे स्पष्ट उदाहरण आहे ते उपचाराचे! अमेरिकेत मिल्वॉकी येथे ब्लाउंट व श्मिट या डॉक्टरांनी १९४० नंतरच्या दशकात एक आधारपट्टा बनवला. त्याचे खालचे टोक कंबरेवर घट्ट बसे, वरचे हनुवटीखाली. महिनोन्‌महिने तो दाब सोसून वाढत्या जबड्याचा आकार बदलू लागला, दात पुढे झुकू लागले. दंतवैद्य तारा बांधून दात सरकवतात, तेही अशाच मंद, सतत दाबाने. पुढे हनुवटीचा आधार काढून गळ्यासमोर हलका आधार दिला गेला. आज बहुतेक मुलांना काखेखालीच संपणारा पट्टा मिळतो.

तो उपयोगी पडतो का? २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातील पाहणीत पट्टा बांधणाऱ्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक वाढ पूर्ण होईपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला. न बांधणाऱ्यांत ४८ टक्के. रोज सुमारे १३ तासांहून अधिक वेळ बांधणाऱ्यांत हे यश ९० टक्क्यांवर गेले.

हाडे वाढत असतात तोवरच पट्टा काम करतो. म्हणूनच उंची झपाट्याने वाढते त्या वर्षांत, विशेषतः मुलींमध्ये, पुढे वाकून पाहण्याची ही कसोटी घरी आईने किंवा शाळेच्या आरोग्य तपासणीत डॉक्टरांनी घ्यावी. तिला ना यंत्र लागते, ना अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ.