कोपऱ्यापलीकडची गाडी

वाहनांनी बिनतारी संदेशांद्वारे परस्परांना सावध करावे, या कल्पनेची खरी कसोटी रुंद महामार्गापेक्षा कुंभकोणमसारख्या देवळांच्या गावात लागते. कारण सारंगपाणी आणि आदिकुंभेश्वर या देवळांच्या उंच भिंतींलगत वळणाऱ्या रस्त्यांवर बसचालकाला कोपऱ्यापलीकडची रिक्षा दिसत नाही आणि त्याची सारी भिस्त हॉर्नवर असते.

या पद्धतीत गाडीतले यंत्र आपले स्थान, वेग, दिशा आणि ब्रेकची स्थिती एवढीच माहिती सेकंदाला साधारण 10 वेळा 5.9 गिगाहर्ट्झच्या लहरींवरून भोवताली प्रसारित करते. ताशी 36 किलोमीटर वेगाची बस दोन संदेशांच्या दरम्यान जेमतेम एक मीटर पुढे सरकते, म्हणून ऐकणाऱ्या यंत्राला तिची वाटचाल जवळजवळ सलग कळते. अशा संदेशांसाठी 2010 साली प्रमाणित झालेल्या 802.11पी या बिनतारी पद्धतीत घरगुती वाय-फायसारखी आधी जोडणी करावी लागत नाही. प्रत्येक यंत्र प्रथम कानोसा घेते, वाहिनी मोकळी असली तरच बोलते, आणि संदेश मिळाल्याची पोच कोणीच देत नाही. गोची इथेच आहे. भिंतीमुळे परस्परांना ऐकू न येणारी दोन यंत्रे एकाच क्षणी बोलली, तर दोघांचेही ऐकू शकणाऱ्या तिसऱ्याकडे नुसता गोंधळ पोचतो. शिवाय सुमारे पाच सेंटिमीटर लांबीच्या या लहरी दगडी कोपऱ्याला वळसा घालताना फार क्षीण होतात. म्हणजे दृष्टी जिथे अडते तिथेच रेडिओही लंगडा पडतो. दोन्ही रस्ते दिसतील अशा खांबावर यंत्र बसवून संदेश पुढे पाठवणे, हा त्यावरचा उपाय.

भारतात एआयएस-140 या मानकाला अनुसरून 1 जानेवारी 2019 पासून नोंदल्या जाणाऱ्या सार्वजनिक सेवेच्या नव्या वाहनांत स्थानदर्शक यंत्र आणि संकटकाळचे बटण सक्तीचे झाले, परंतु ती माहिती मोबाईल जाळ्यातून नियंत्रण केंद्राकडे जाते, शेजारच्या गाडीला तिचा पत्ता नसतो. त्यातही दुचाकी, तीनचाकी आणि ई-रिक्षा यांना नियमातून वगळले आहे. बससमोर अचानक आडवी येतात ती बहुधा हीच वाहने. म्हणूनच, ज्यांच्यापाशी बोलणारे यंत्र नाही त्यांच्या वतीने, कॅमेरा किंवा रडारने टिपलेली माहिती खांबावरून प्रसारित करण्याच्या ज्या पद्धती युरोपात विकसित होत आहेत, त्या कुंभकोणमला अधिक उपयोगी ठरतील. मात्र तिथल्या कॅमेऱ्याला सायकलीपासून उत्सवाच्या रथापर्यंत सारे काही ओळखता आले पाहिजे.