एका पत्त्यामागची बारनिशी

ज्या नारायणगावाच्या परिसरात आर्वीचे उपग्रह भूकेंद्र १९७१ पासून परदेशांशी संभाषण करू लागले, आणि खोडद व आसपासच्या शिवारांत महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस थाळ्या दूरस्थ दीर्घिकांचे क्षीण तरंग टिपीत उभ्या आहेत, त्या गावाला दूरसंदेशाचे अप्रूप सांगावयास नको. तथापि त्याच गावच्या एखाद्या शाळेतील वीस संगणक एकाच पत्त्याआडून साऱ्या जगाशी कसे बोलतात, हे नवल नित्याचे असल्यामुळेच कोणाच्या ध्यानी येत नाही.

इंटरनेटच्या प्रचलित रचनेत प्रत्येक पत्ता बत्तीस बिटांचा ठरला. त्या हिशेबाने पत्ते होतात सुमारे ४२९ कोटी, आणि ते पुरणार नाहीत हे लवकरच दिसू लागले. मे १९९४ मध्ये केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी आतल्या यंत्रांचे पत्ते बाहेर पडताना बदलून देण्याची तोड मांडली. १९२.१६८ ने आरंभ होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखलेल्या पत्त्यांपैकीच होत; ते नारायणगावात असतात तसे टोकियोतही असतात, आणि म्हणूनच बाहेरच्या वाटेवर त्यांना काही मोल नसते.

ही तोड अमलात आणावयास जुना संगणकही पुरतो. त्यास जाळ्याची दोन कार्डे बसवावी, एक आतल्या यंत्रांकडे, दुसरे बाहेरच्या जोडणीकडे. मग त्यावरील लिनक्स या कार्यप्रणालीला दोन गोष्टी फर्मावाव्या. पहिली, परक्यांची पाकिटे, म्हणजे संदेशांचे तुकडे, टाकून न देता पुढे धाडण्याची, कारण ही मुभा मुळात बहुधा बंद असते. दुसरी, बाहेर जाणाऱ्या पाकिटावर पाठवणाऱ्याच्या जागी स्वतःचा पत्ता घालण्याची. या दुसऱ्या नियमाचे लिनक्समधील नावच ‘मास्करेड’, म्हणजे सोंग. तमाशाच्या फडांच्या राहुट्या जेथे दरसाल लागतात, त्या गावाला ते परके वाटू नये.

परंतु सोंगापेक्षा मला मोलाची वाटते ती त्यामागची बारनिशी. कचेरीतला कारकून जसा प्रत्येक पत्राचा जावक क्रमांक टिपून ठेवी, आणि त्या क्रमांकाच्या हवाल्याने आलेले उत्तर नेमक्या टेबलावर पोहोचवी, तसा हा मधला संगणक, म्हणजे सर्व्हर, प्रत्येक संभाषणास पोर्टचा क्रमांक देतो व तो कोणत्या यंत्राचा हे नोंदून ठेवतो. पोर्टचे क्रमांक सोळा बिटांचे, म्हणजे ६५,५३६. एका पत्त्याआड शेकडो यंत्रे सामावतात ती याच बळावर. नोंद कायमची मात्र नसते: जोडणी न जुळवताच धाडलेल्या व उत्तर न आलेल्या साध्या यूडीपी संदेशाची नोंद लिनक्स एरवी तीस सेकंदांत पुसतो, तर जुळलेली टीसीपी जोडणी मुकी राहिली तरी पाच दिवस स्मरणात ठेवतो.

बारनिशीत ज्याची नोंद नाही, असे बाहेरून आलेले पाकीट कोणत्या यंत्राचे हे ठरवावयास सर्व्हरपाशी साधनच नसते. यास कित्येक जण संरक्षण समजतात. माझ्या मते तो निव्वळ आनुषंगिक लाभ आहे, आणि स्वतंत्र पहारा बसवल्यावाचून त्यावर विसंबणे बरे नव्हे. त्याची किंमतही मोठी. द्राक्षबागेतला कॅमेरा परगावाहून पाहू इच्छिणाऱ्या बागायतदारास हेच काम करणाऱ्या राउटरमध्ये एका पोर्टची कायम नोंद करावी लागते. आणि सेवा देणाऱ्या कंपनीनेच हजारो ग्राहक एका पत्त्याआड बसवले असतील, तर ती बारनिशी त्याच्या हातीच नसते. एकशेअठ्ठावीस बिटांचे नवे पत्ते १९९८ सालीच नियमबद्ध झाले आहेत. ते त्या बागेपर्यंत पोहोचले, की कॅमेऱ्यास स्वतःचा पत्ता मिळेल आणि उसन्या पोर्टची गरज उरणार नाही.