लहान दुर्बीण आणि सूर्यबिंब

वेंगुर्ल्याच्या बंदरावर संध्याकाळी फिरावयास जाणाऱ्या माणसाला सूर्यास्ताचे वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाही. समुद्राच्या रेषेला टेकता टेकता सूर्यबिंब तांबूस होते, खालून-वरून दाबल्यासारखे चपटे दिसते आणि पाहता पाहता पाण्याआड जाते. क्षितिजालगत हवेचा थर दाट असतो. त्या थरातून येणारे किरण वाकतात आणि बिंबाची खालची कड वरच्या कडेपेक्षा अधिक उचलली जाते, म्हणून ते चपटे भासते. तांबूसपणाही त्याच दाट हवेचा. या वेळी डोळ्यांना सुखावणाऱ्या त्या बिंबाकडे दुर्बीण रोखण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु हा मोह प्रत्येक नवशिक्याने आवरला पाहिजे. बिंब तांबडे झाले म्हणजे त्याची अदृश्य उष्णता नाहीशी होतेच असे नाही.

दुर्बिणीचा जन्म इ. स. १६०८ मध्ये हॉलंडात झाला, आणि १६३७ मध्ये त्याच देशाच्या व्यापाऱ्यांनी वेंगुर्ल्यास आपली वखार घातली. या दोन सालांच्या मधल्या काळातच सूर्याच्या निर्मळ समजल्या जाणाऱ्या मुखावरचे डाग युरोपातील निरीक्षकांच्या दृष्टीस पडले. १६११ मध्ये योहान फाब्रिसियसने सूर्यावरील डागांविषयी पुस्तक छापले. गॅलिलिओच्या शिष्याने, बेनेदेत्तो कास्तेली याने, सूर्याकडे न पाहता सूर्य पाहण्याची युक्ती काढली: दुर्बिणीतून बाहेर पडणारा प्रकाश पांढऱ्या कागदावर घ्यावा आणि कागदावर उमटलेल्या बिंबाचे डाग पेन्सिलीने टिपावे. चारशे वर्षे लोटली, तरी हौशी निरीक्षकासाठी याहून स्वस्त आणि निर्धोक रीत दुसरी नाही.

निर्धोक या शब्दाचा अर्थ येथे नीट समजून घेतला पाहिजे. दिवसा डोळ्याची बाहुली सुमारे ३ मिलिमीटर रुंद असते. ६० मिलिमीटर व्यासाचे वस्तुभिंग तिच्या वीसपट रुंद, म्हणजे चारशेपट प्रकाश गोळा करणारे असते. तो सर्व प्रकाश डोळ्यात गेला तर आतल्या पडद्याला क्षणात इजा होते, आणि त्या पडद्याला वेदना कळत नसल्यामुळे माणूस वेळीच डोळा मिटत नाही. गेलेली दृष्टी परत येत नाही. म्हणून मुलांच्या हाती दुर्बीण असेल तेथे जाणत्या माणसाने जवळून हलू नये.

कागदावर बिंब घेण्याचे गणित सोपे आहे. ६० मिलिमीटर व्यासाच्या सामान्य दुर्बिणीच्या वस्तुभिंगाचे नाभीय अंतर ७०० मिलिमीटर असते असे धरू. सूर्याचे बिंब त्याच्या नाभीपाशी अंतराच्या सुमारे १०८ व्या भागाएवढे, म्हणजे साडेसहा मिलिमीटरचे पडते. २५ मिलिमीटरची नेत्रिका बसवून कागद तिच्यापासून ६० सेंटिमीटरवर धरला असता हेच बिंब तेवीसपट मोठे होऊन सुमारे १५ सेंटिमीटरचे होते. त्या बिंबावर पृथ्वी ठेवली असती तर ती जेमतेम दीड मिलिमीटरची दिसली असती. कागदावरचा मोहरीएवढा डाग म्हणजे आपल्या सबंध पृथ्वीएवढे क्षेत्र, ही गोष्ट पेन्सिल हातात असता अधिक स्पष्ट कळते.

या कामी नेत्रिका कोणती वापरावी, हाही प्रश्न लहान नाही. आधुनिक नेत्रिकांत अनेक भिंगे एकमेकांना चिकटविलेली असतात, आणि सूर्याच्या उष्णतेने तो डिंकासारखा लेप बिघडतो. जुन्या हायगेन्स पद्धतीच्या नेत्रिकेत दोन सुटी भिंगे असतात, त्यामुळे ती या कामासाठी अधिक योग्य. आरशाच्या दुर्बिणींनी प्रक्षेपण करू नये. त्यांच्या आतील भाग तापून बिघडण्याचा संभव असतो. लहान शोधक दुर्बिणीला झाकण घालावे, कारण तिच्यातून येणारा किरणही बोट भाजू शकतो. सूर्य सापडावयाचा तो नळीच्या सावलीवरून: नळीची सावली जमिनीवर लहानात लहान होईल तेव्हा दुर्बीण सूर्याकडे वळलेली असते.

ज्यांना प्रत्यक्ष पाहावयाचे असेल त्यांनी नळीच्या पुढच्या तोंडावर, वस्तुभिंगासमोर, फिल्टर घट्ट बसवावा. या कामासाठी तयार केलेला उत्तम फिल्टर प्रकाशाचा सुमारे एक लक्षांश भागच आत येऊ देतो. प्रत्येक वेळी तो वापरण्यापूर्वी उजेडात धरून भोके वा सुरकुत्या नाहीत ना, हे पाहावे आणि तो वाऱ्याने निघणार नाही असा बांधावा. काही जुन्या दुर्बिणींबरोबर नेत्रिकेवर फिरवून बसवावयाची एक काळी काच येत असे. ती मात्र कोठे हाती लागली तर फेकून द्यावी. वस्तुभिंगाने एकवटलेली सर्व उष्णता तिच्यावर पडते, आणि ती तडकली की पाहणाऱ्याच्या डोळ्यापुढे कसलेच संरक्षण उरत नाही.

आता प्रश्न येतो तो कोकणच्या हवेचा. जमीन तापली की तिच्यावरची हवा थरथरू लागते आणि डागांच्या कडा पाण्यात पाहिल्यासारख्या हलतात. म्हणून निरीक्षणाची वेळ सकाळची, उन्हाने वाळू आणि जांभ्याचा कातळ तापण्यापूर्वीची. पाण्याचा पृष्ठभाग जमिनीच्या मानाने सावकाश तापतो, म्हणून उदयपूरची सौर वेधशाळा फतेहसागर तलावातील बेटावर बांधलेली आहे. वेंगुर्ल्यासारख्या खाडी आणि समुद्र यांच्या काठच्या गावाला ही सोय निसर्गानेच दिलेली आहे. पावसाळ्याचे चार महिने मात्र आभाळाच्या मर्जीवर सोपवावे लागतात.

हीच पावसाळ्याची गोष्ट याच जिल्ह्यातील एका जुन्या समजुतीची परीक्षा घेण्यास उपयोगी पडते. वेंगुर्ल्याच्या उत्तरेस विजयदुर्ग किल्ला आहे आणि त्यात ‘साहेबाचे ओटे’ म्हणून दगडी चौथरे दाखविले जातात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर याने तेथे हेलियम वायूचा शोध लावला, असे पुष्कळांच्या तोंडी असते. त्या वेळी ग्रहण या भागातून खरेच गेले होते. जमखंडीहून लेफ्टनंट जॉन हर्शेल याने ढगांच्या फटीतून सूर्यकडेच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन याने गुंटूरहून पाहिला. परंतु लॉकियर त्या दिवशी इंग्लंडात होता. तो युद्धखात्यात कारकून असून ज्योतिषशास्त्राचा हौशी अभ्यासक होता. २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्याने सव्वासहा इंची दुर्बिणीला वर्णपटदर्शक जोडून ग्रहणावाचून त्याच ज्वाला पाहिल्या. त्यांतील पिवळी रेषा सोडियमच्या रेषांशी जुळेना, आणि त्यावरून नव्या मूलद्रव्याची कल्पना निघाली. पृथ्वीवर हा वायू १८९५ मध्ये रॅमसे याला मिळाला.

मग विजयदुर्गाचे ते ओटे कोणाचे? २२ जानेवारी १८९८ रोजी दुसरे खग्रास ग्रहण कोकणातून गेले. तोवर सर ही पदवी मिळालेला लॉकियर त्या वेळी मात्र विजयदुर्गास प्रत्यक्ष आला होता, आणि मेल्पोमेनी या युद्धनौकेच्या खलाशांना त्याने निरीक्षणाचे धडे दिले होते. जानेवारीचे निरभ्र आकाश आणि ऑगस्टचे ढगाळ आकाश यांतील फरक कोकणातील शेतकऱ्यालाही सांगावा लागत नाही. हेलियम त्याआधीच सापडला होता. तरी किल्ल्याचा मान याने उणा होत नाही. खरा इतिहासच त्याला अधिक शोभतो.

त्याच ग्रहणात पुण्याचे प्राध्यापक के. डी. नायगमवाला जेऊर येथे आपली उपकरणे घेऊन गेले होते. तळणी येथे ब्रिटिश हौशी मंडळींची छावणी होती. तेथे ॲनी माँडर या विदुषीने अवघ्या दीड इंची भिंगाच्या कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभामंडलाचा एक अतिशय लांब किरण टिपला. साधन लहान असले तरी शहाणपणाने वापरले तर ते मोठ्या वेधशाळेच्या बरोबरीने काम करते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

आज हाती लहान दुर्बीण असणाऱ्याने नेमके काय करावे? दररोज ठराविक वेळी १५ सेंटिमीटरच्या वर्तुळात डागांची आकृती काढावी, तारीख व वेळ लिहावी. सूर्य आपल्याभोवती फिरत असल्याने डाग एका कडेवरून दुसऱ्या कडेस जाण्यास सुमारे तेरा दिवस लागतात, हे महिन्याभरात स्वतःच्या वहीतून सिद्ध होते. डागांचे समूह मोजून त्यांच्या संख्येला दहाने गुणावे व त्यात सुट्या डागांची संख्या मिळवावी. हा वुल्फ नावाच्या स्विस ज्योतिर्विदाने घालून दिलेला अंक होय. डागांची संख्या सुमारे अकरा वर्षांनी वाढते आणि ओसरते, हे जर्मनीतील श्वाबे नावाच्या औषधविक्रेत्याने १८२६ पासून सतरा वर्षे दररोज सूर्य पाहून प्रथम दाखविले. चालू चक्र २०१९ च्या अखेरीस सुरू झाले आणि २०२४ मध्ये ते भरास आले. पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या १९४४ पासून चाललेल्या मंडळांत अशा वह्यांना किंमत आहे.

२ ऑगस्ट २०२७ चे ग्रहण या किनाऱ्यावरून दुपारनंतरचे खंडग्रास ग्रहण आहे. पावसाळी ढगांनी वाट दिली तर वेंगुर्ल्याच्या बंदरावर तो चंद्राने चावलेला सूर्य पाहण्यास गर्दी जमेल. त्या गर्दीत कोणी एकाने पांढरा पुठ्ठा आणि लहान दुर्बीण घेऊन उभे राहावे, आणि मुलांना कागदाकडे पाहावयास सांगावे. तेवढ्यानेच त्या दिवशी अनेकांचे डोळे वाचतील आणि अनेकांची उघडतील.