घड्याळावरचे ३० मीटर

समजा, तुम्ही माधवनगरला राहता. दहावी पास झाल्याबद्दल वडील तुम्हाला मनगटी घड्याळ घेऊन देणार आहेत. सांगलीच्या दुकानात दोन घड्याळे समोर येतात. एक समारंभात घालण्याजोगे, चपटे, चामडी पट्ट्याचे. दुसरे पाणबुड्याचे, जाडजूड, काचेभोवती आकडे कोरलेले फिरते कडे असलेले. पहिल्याच्या पाठीवर ‘वॉटर रेझिस्टंट ३० मीटर’ असे लिहिले आहे, दुसऱ्यावर ‘डायव्हर्स २०० मीटर’. तुम्हाला पोहण्याची आवड आहे. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाच्या मोजपट्टीवर कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर, म्हणजे सुमारे साडेसतरा मीटरवर गेले होते. मग ३० मीटरचे घड्याळ पोहायला पुरणार नाही काय?

प्रथम थोडे गणित करू. पाण्यात दर १० मीटर खोलीला दाब सुमारे एक वातावरणाने, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला एक किलोग्रॅमने वाढतो. घड्याळाच्या काचेचा व्यास ३ सेंटीमीटर धरला, तर तिचे क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस सेंटीमीटर होते. ३० मीटर खोलीवर तिच्यावर २१ किलोग्रॅम भार पडेल आणि २०० मीटरवर तब्बल १४० किलोग्रॅम! पाणबुड्याच्या घड्याळाची काच आणि केस जाड का असते, ते आता लक्षात आले ना?

पोहताना हात हलल्यामुळे दाब खूप वाढतो, असे पुष्कळदा सांगितले जाते. तेही तपासू. हात सेकंदाला ४ मीटर वेगाने पाण्यात गेला, तरी वाढणारा दाब जेमतेम ८० सेंटीमीटर पाण्याइतकाच असतो. तेव्हा खरे कारण निराळे आहे.

घरचा प्रेशर कुकर आठवा. त्यातील दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे एक वातावरणाने जास्त असतो आणि तो अडवते झाकणातील रबरी रिंग. ती जुनी, कडक झाली की वाफ निसटते. घड्याळातही पाठीच्या झाकणाला, काचेला आणि काटे फिरवण्याच्या चावीला अशाच बारीक रिंगा असतात. घाम, साबण, ऊन आणि वय यांनी त्या निकामी होतात. ‘३० मीटर’ हा आकडा नव्या घड्याळाच्या, स्थिर पाण्यात, थोड्या वेळाच्या चाचणीचा आहे. तो कायमचा परवाना नव्हे. अशा घड्याळाने पावसाचे शिंतोडे आणि हात धुणे सोसावे, एवढीच अपेक्षा ठेवावी.

पाणबुड्याच्या घड्याळासाठी मात्र आयएसओ ६४२५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार ते निदान १०० मीटरचे असावे लागते आणि लिहिलेल्या आकड्यापेक्षा २५ टक्के अधिक दाबाने तपासावे लागते. अंधारातही त्यावरील वेळ दिसली पाहिजे. बहुतेकांची चावी स्क्रूसारखी आवळून बसवता येते. फिरते कडे एकाच दिशेने फिरते, यातही खुबी आहे. पाणबुड्या बुडी मारताना कड्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणतो. पुढे धक्क्याने कडे सरकलेच, तर पाण्यात गेलेला वेळ प्रत्यक्षाहून जास्त दिसतो, कमी कधीच नाही. त्यामुळे तो लवकर वर येतो. चुकीतही जीव वाचावा अशी ही योजना!

मग समारंभी घड्याळ कमी प्रतीचे का? मुळीच नाही. टायटनने २००२ मध्ये आणलेले ‘एज’ अवघे साडेतीन मिलिमीटर जाड होते. इतक्या कमी जागेत यंत्र बसवणे हेही मोठे कौशल्यच. दोन्ही घड्याळांची कामे वेगळी, एवढेच.

तेव्हा पोहताना घड्याळ घालणारच असाल, तर निदान १०० मीटरचे घ्या. पाण्यात चावी ओढू नका आणि बॅटरी बदलताना रिंगाही तपासून घ्या. शाळा आणि समारंभ यांपुरतेच हवे असेल, तर चपटे घड्याळ खुशाल निवडा. पोहण्यापूर्वी ते काठावर काढून ठेवा. आणि पुराच्या पाण्यात मात्र कोणतेही घड्याळ घालून उतरू नका. घड्याळ टिकेल, पण माणसाच्या पाठीवर मीटरचा आकडा छापलेला नसतो!