टू बिल्ड अ फायर
'टू बिल्ड अ फायर' ही अमेरिकन लेखक जॅक लंडन यांची लघुकथा असून तिची दोन रूपे प्रसिद्ध आहेत. १९०२ मध्ये 'द यूथ्स कंपॅनियन' या नियतकालिकात आलेल्या किशोरांसाठीच्या रूपात टॉम व्हिन्सेंट हा नायक हिमदंशाने जायबंदी होऊनही वाचतो. १९०८ च्या 'द सेंच्युरी मॅगझिन'मधील रूपात नायक अनामिक आहे. युकॉन प्रदेशात उणे ७५ अंश फॅरनहाइट (सुमारे उणे ५९ अंश सेल्सियस) थंडीत पाय भिजल्यावर तो झाडाखाली शेकोटी पेटवतो. फांद्यांवरील बर्फ कोसळून ती विझते. अखेर तो गोठून मरतो व सोबतचा कुत्रा निघून जातो. त्यामुळे लहानपणी ही कथा वाचलेल्यांपैकी एकाला नायक वाचल्याचे, तर दुसऱ्याला मेल्याचे आठवत असल्यास दोन्ही आठवणी खऱ्या असू शकतात. कडाक्याच्या थंडीत एकट्याने प्रवास करू नये, हा इशारा मात्र दोन्ही रूपांत समान आहे.